सांगवीच्या पायलटची चौकशी

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दत्तोबा खुटवड या नावानं निघोज्यात कुणी विचारलं तर लोक जरा थांबून विचार करतात. ‘चौकशीवाले दत्तोबा’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडील. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्यावर खोल्या बांधल्या, भाडेकरू आले आणि मामांना दिवसभर करायला काही उरलं नाही. तेव्हापासून हे एक काम त्यांनी अंगावर घेतलं. गावात कुणाच्याही पोरीला स्थळ सांगून आलं की मामा टोपी चढवून निघाले. कुणी सांगितलं नाही तरी निघाले.

त्यांचा एकच नियम. ज्या घराची चौकशी, त्या घराची पायरी चढायची नाही. “घरची मानसं घरचीच कड घेनार. घरात कोन खरं बोलतंय?” मग हे इस्त्रीवाल्याकडे बसणार, सलूनमध्ये दाढी करून घेणार, सोसायटीच्या वॉचमनला तंबाखू देणार. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तेच सांगितलं तर ते खरं. एका मुलाचं रोजचं पिणं त्यांनी असंच शोधून काढलं आणि चिंबळीच्या एका पोरीला वाचवलं. खोटं का बोलू, गुण होता त्यांच्यात.

माझीही चौकशी झाली होती की! जुन्नरला आमच्या गल्लीतल्या गिरणीवर मी दळण घेऊन गेले, तर एक म्हातारा वाटेतच पोत्यावर बसलेला. “सरका की ओ बाबा, का तुम्हालाच दळून नेऊ?” म्हणून मी खेकसले. तो म्हातारा म्हणजे हे. घरी येऊन म्हणाले, “पोरगी खमकी हाय, ही दीपमालाच सून करायची.” तेव्हापासून मी खमकी आहे आणि ते मला पसंत करून पस्तावलेत, असं आमचं चालतं.

हे सगळं सांगायचं कारण माझी नणंद, विजयश्री. चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. तिला सांगवीचं स्थळ आलं. मुलगा समाधान जाचक, हिंजवडीत नोकरीला. बघण्याचा कार्यक्रम झाला, मग दोघं बाहेर दोनदा भेटले, आणि आमची विजू मोबाइल उशाखाली घेऊन झोपायला लागली. मला काय कळत नाही होय? “वन्सं, चार्जिंग संपेल हो,” मी म्हणायचे, तर लाजून लाल.

मुलाच्या बायोडेटात एक ओळ होती. आजोबा किसनराव जाचक, भारतीय हवाई दल, बॉम्बर पायलट, एकाहत्तरचं युद्ध. बाकी पगार, फ्लॅट, गोत्र, सगळं मामांनी नजरेआड केलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसले. “दीपमाला, ह्यो बॉम्ब टाकनारा म्हंजी कसा गं? दाव की मोबाइलवर.” मी दाखवलं. त्या काळची कॅनबेरा विमानं, जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्म, पोटातून खाली पडणारे बॉम्ब. मामा चष्मा लावून तासन्‌तास बघायचे. “ह्ये आपला सोयरा चालवायचा?” अजून सुपारी फुटायची होती आणि सोयरा आपला झाला! पारावर, दूध डेअरीवर, मारुतीच्या देवळात, जिथं जातील तिथं एकच. “आमच्या विजूचा आजेसासरा बॉम्बर पायलट. पाकिस्तानात घुसून आलेला मानूस.” लोकांनी त्यांना ‘पायलटचे व्याही’ म्हणायला सुरुवात केली. मामांना ते आवडायचं. मलाही गंमत वाटायची, उगीच कशाला नाही म्हणू.

पण चौकशी ती चौकशी. ती केल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नाही. आता लढाईची चौकशी करायची कुणाकडे? इस्त्रीवाल्याला काय ठाऊक? मग त्यांनी सांगवीत हवाई दलातून निवृत्त झालेली मंडळी सकाळी कुठं बसतात ते शोधलं, भाड्यानं फ्लॅट बघायला आलोय अशी थाप मारली आणि त्यांच्या बाकावर जाऊन बसले. असे तीन-चार दिवस गेले. चहा पाजला, गुडघेदुखीवर तेल सांगितलं आणि हळूच किसनरावांचं नाव काढलं.

चौथ्या दिवशी घरी आले ते ताटावर बसलेच नाहीत. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाकरी वाढली होती. ती तशीच राहिली.

“बॉम्ब टाकलेच न्हाईत त्यानं,” मामा म्हणाले.

बाकावर एक निवृत्त सार्जंट भेटला होता. लढाईत विमानांना बॉम्ब लावायचं काम त्याचं. त्यानं सहज सांगून टाकलं. पहाटे विमानं गेली, बाकीची बॉम्ब टाकून आली, किसन जाचक तेवढा भरलेलं विमान घेऊन परत आला. “माझ्या हातानं लावलेले मलाच उतरवावे लागले हो. विमानात बिघाड काही निघाला नाही. घाबरला बिचारा. नंतर त्याला विमान दिलं नाही, जमिनीवरच ठेवला.” मामांनी नियमाप्रमाणे आणखी दोघांना विचारलं. दोघांनी तेच सांगितलं.

“मग?” आत्या म्हणाल्या. “पोराला नोकरी हाय, घर हाय. आज्यानं बॉम्ब टाकले काय न्‌ न्हाई काय, आपल्याला का त्याचं लोनचं घालायचंय?”

“अगं, आख्ख्या गावाला म्या काय सांगत फिरलोय, ठावं हाय का तुला? उद्या कुनाला कळलं तर म्हनतील, पळपुट्याच्या घरात दिली. मला त्वांड दावायला जागा ऱ्हानार न्हाई.”

म्हणजे बघा. चौकशी मुलाची, खोट आजोबांची आणि अब्रू ह्यांची. मी तोंड उघडलंच होतं, पण मामांनी मध्यस्थाला फोन लावलासुद्धा. आपल्याकडे स्थळ मोडायला कुणी खरं कारण देतं का? त्यांनीही तेच सांगितलं. पत्रिका जमत नाही. विजू आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती घरात बोलेनाशी झाली. कामावर जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. समाधानचा फोन आला की कापायची, कारण त्याला सांगणार काय?

पुढच्या रविवारी दारात एक रिक्षा थांबली. पांढरा स्वच्छ शर्ट, हातात काठी, ताठ मान, असे एक म्हातारे गृहस्थ उतरले. एकटेच. मुलाकडचं माणूस, नकार आल्यावर, आपण होऊन मुलीच्या दारात येतं, असं मी जन्मात बघितलं नव्हतं. मामांनी खिडकीतून पाहिलं आणि ते आत पळायच्या बेतात होते. मीच दार उघडलं.

“मी किसन जाचक,” ते म्हणाले. “फार वेळ घेणार नाही.”

बसले. पाणी घेतलं. विजू कधी नव्हे ती खोलीबाहेर आली, स्वतः चहा केला आणि त्यांच्या हातात कप दिला. मग ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामा कोचाच्या कडेवर, जणू दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे.

“पत्रिका जमत नाही, असा निरोप आला,” किसनराव म्हणाले. “आमच्या घरात कुणाची पत्रिकाच काढलेली नाही हो. तुम्ही ती कुठून आणलीत?”

अगं आई गं! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मामांची मान खाली.

“मी नसताना तुम्ही आमच्या बाकावर येत होतात. तो फ्लॅट बघणारा गृहस्थ कोण, ते बाकावरच्या मंडळींना बघण्याच्या कार्यक्रमाचा फोटो दाखवला तेव्हा कळलं. जे ऐकलंत ते खरं आहे. विमानात काही बिघाड नव्हता. खालून तोफा सुरू झाल्या. ते लाल गोळे आधी सावकाश वर येताना दिसतात आणि मग एकदम अंगावर येतात. बाकीचे त्यातून आत गेले. मी वळवलं. माझा नॅव्हिगेटर ओरडत होता, सर, टार्गेट समोर आहे. मला ऐकू येत होतं. पण मी घाबरलो होतो. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, तेव्हा इंजिनाचं नाव घेता आलं असतं. मी खरं तेच सांगितलं. बायकोला लग्नाआधी सांगितलं. मुलाला सांगितलं, नातवालाही. बायोडेटात सुनेनं पायलट लिहिलं, तेही खोटं नाही, होतोच मी. तुम्ही घरी येऊन विचारलं असतंत तर चहा येण्याआधी सांगितलं असतं.”

घरात कोण खरं बोलतं, असं ज्यांनी जन्मभर म्हटलं त्यांच्यासमोर हे चाललं होतं.

“पोरगा जेवत नाही,” किसनराव पुढे म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. “घाबरलो मी. त्याची शिक्षा पोराला नको. तुम्हाला चारचौघांत कमीपणा वाटत असेल तर मी लग्नाला येणार नाही. फोटोत दिसणार नाही, कुणी विचारायचं नाही, तुम्हाला काही सांगावं लागायचं नाही. घरी तब्येतीचं काहीतरी सांगेन. हे मी समाधानला कळू देणार नाही. एवढं चालेल का तुम्हाला?”

अशा वेळी माणसानं काय करावं? उठून पाय धरावेत. “अहो, काय बोलताय हे, लाजवताय का आम्हाला,” एवढं तरी म्हणावं. मी मामांच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोला, मामा, बोला.

मामा म्हणाले, “चालंल.”

बाजारात बैलाचा सौदा तुटता तुटता जमावा तसं म्हणाले. मी सून असले तरी आमच्या घरात बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. त्या दिवशी मात्र माझी नजर विजूकडे गेली आणि बोलायचं राहूनच गेलं. तिचा चेहरा उजळला होता. देवा, उजळला होता हो! कित्येक दिवसांनी पोरगी हसणार असं वाटत होतं, आणि ते हसू कशावर येतंय ते तिलाही कळत होतं. तिनं पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी उगीच डोक्यावर घेतली आणि आत गेली. किसनरावांनी चहा संपवला, नमस्कार केला आणि काठी टेकत रिक्षाकडे गेले.

मध्यस्थाला पुन्हा फोन गेला. पत्रिका जमली.

लग्न मोशीच्या एका लॉनवर ठरलं. मामांनी पुन्हा पारावर जायला सुरुवात केली, पण पायलटचं नाव निघालं की विषय बदलायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी निरोप आला, की आजोबांचं बीपी वाढलंय, ते घरीच थांबतील, शेजारचे लक्ष ठेवतील. विहीणबाई फोनवर हळहळल्या. “एकुलता एक नातू हो, पण ऐकतच नाहीत, मला नेऊ नका म्हणतात.” आत्यांनी फोन ठेवला आणि मामांकडे नुसतं बघितलं.

आता आमच्याकडे अक्षतांआधी व्याहीभेट असते, ते तुम्हाला ठाऊक असेल. मांडवात दोन्हीकडची माणसं समोरासमोर उभी राहतात. माइकवरचा माणूस एकेकाचं नाव पुकारतो, मामाला मामा भेटतो, चुलत्याला चुलता. फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, कडकडून मिठी मारायची. आमच्याकडचे आजोबा हयात नाहीत, म्हणून आजोबांचा मान मामांनी करायचा, हे सुरुवातीलाच ठरलेलं होतं. ते बदलायला हवं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माइकवाल्याकडे नावं आधीच गेलेली.

“वरपक्षाचे आजोबा,” तो माइकवर गरजला, “भारतीय हवाई दलाचे बॉम्बर पायलट, एकाहत्तरच्या युद्धातले वीर, श्रीमान किसनराव जाचक! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या झाल्या. आमच्या गावच्यांनी तर शिट्ट्या मारल्या. मामा फेटा हातात घेऊन उभे. समोर कुणी नाही. माइकवाल्याला वाटलं, म्हातारं माणूस आहे, वेळ लागतोय. त्यानं पुन्हा पुकारलं. “पायलटसाहेब, आपले व्याही आपली वाट बघतायत, या, या!” मागून कुणीतरी ओरडलं, “विमानानं येत्यात का काय?” लोक हसले. मामांचे हात तसेच पुढे केलेले, त्यात तो गुलाबी फेटा. समाधानच्या वडिलांनी पुढे होऊन सांगितलं, बाबांना बरं नाही. माइकवाला पुढच्या नावाकडे वळला.

मामा बाजूला झाले. नंतर बघतो तर मामा नाहीत. मुहूर्त जवळ आला, गुरुजी ओरडायला लागले, कन्यादानाला मुलीचा बाप कुठंय? बंटीनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सगळं लॉन पालथं घातलं. त्याची मोटरसायकलही नव्हती. शेवटी कन्यादानाला मी आणि बंटी बसलो. विजू अंतरपाटामागून सारखी गर्दीत शोधत होती. आत्या तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आम्ही पाहुण्यांना सांगितलं, त्यांना चक्कर आली, दवाखान्यात नेलंय.

मामा सांगवीला गेले होते. भोसरीच्या ट्रॅफिकमधून, डोक्याला टोपी, मांडीवर तो फेटा. हे त्यांनी मला आणि आत्यांना विजूची पाठवणी झाल्यावर सांगितलं. दार उघडंच होतं. किसनराव मोबाइल टेबलावर उभा करून लग्नाचं लाइव्ह बघत बसले होते. म्हणजे फेटा हातात घेऊन उभे राहिलेले मामाही त्यांनी बघितलेच असणार.

“अहो, तुम्ही इकडे कसे? मुहूर्त व्हायचाय,” ते म्हणाले.

मामांनी त्यांचे पाय धरले. “चला साहेब. गाडीवं बसा माज्या. म्या चुकलो. माझ्या तोंडातून ‘चालंल’ कसं निघालं, मला ठावं न्हाई.”

“आता मी आलो तर घरचे विचारतील, बरे कसे झालात? मग सगळंच सांगावं लागेल,” किसनराव म्हणाले. “पोरीला याच घरात यायचंय. राहू द्या.” मग त्यांनी मामांना शेजारी बसवलं. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. मुलीच्या बापानं मुलीचं लग्न सांगवीत, टेबलावरच्या मोबाइलवर बघितलं, आणि ज्याला येऊ दिलं नाही त्यानंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे सांगताना मामा रडले. मी त्यांना पाणी दिलं. समजूत घातली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची कीव आली नाही, लाज वाटत होती. त्यांची, विजूची, आणि दारात उभं राहून ऐकून घेणाऱ्या माझीसुद्धा.

दिवाळसणाचं बोलावणं करायला आम्ही सगळे सांगवीला गेलो. विजू रुळली होती. आजोबांना औषधं देणं, त्यांच्यासोबत संध्याकाळी फिरायला जाणं, सगळं करत होती. जेवणं झाल्यावर समाधाननं टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लावला. सगळे हसत-खिदळत बघत होते. व्याहीभेट आली. माइकवाला ओरडत होता आणि मामा हात पुढे करून उभे होते.

“आप्पा, काय हो चेहरा तुमचा!” समाधान मामांकडे बघत हसला. मग त्यानं विचारलं, “बरं, त्या दिवशी तुम्हाला कुठल्या दवाखान्यात नेलं होतं? मी विजूला किती वेळा विचारलं, ती नीट सांगतच नाही.”

मामा टोपी नीट करायला लागले. विजू टीव्हीकडे बघत राहिली.

“दवाखान्यात नाही,” कोपऱ्यातून किसनराव म्हणाले. “माझ्याकडे आले होते ते. मला एकट्याला भीती वाटायला लागली, मीच फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, एवढंच.”

विहीणबाई तिथंच उसळल्या. “काय हो बाबा हे! शेजारी होते की. मुलीच्या बापाला अक्षता चुकवायला लावल्यात? कन्यादान राहिलं त्यांचं! तुम्ही म्हणजे ना, आधीपासूनच...” आणि त्या थांबल्या. पण पुढचा शब्द सगळ्यांना ऐकू आल्यासारखा झाला. किसनराव मान खाली घालून ऐकून घेत होते. म्हणाले, “चुकलंच माझं.”

मामा उठले.

“त्ये खोटं बोलत्यात,” मामा म्हणाले. “माझ्यापायी बोलत्यात. त्यांनी न्हाई बोलावलं मला.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाक, फ्लॅटची थाप, पत्रिकेचं कारण, किसनराव आमच्या घरी आले ते, काय म्हणाले ते, आणि आपण काय म्हणालो ते. ‘चालंल’ हा शब्द त्यांनी तसाच सांगितला, मऊ केला नाही. विहीणबाईंनी तोंडावर हात धरला. समाधानचे वडील उठून बाल्कनीत गेले.

समाधान विजूकडे वळला. “तुला माहीत होतं?”

विजूचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मामांकडे बघितलं.

“न्हाई न्हाई,” मामा घाईघाईनं म्हणाले. “तिला कायबी म्हायती न्हाई. ती कामाला गेलती त्या दिवशी. घरात नव्हतीच.”

समाधाननं आजोबांकडे पाहिलं. खरं काय ते तेच सांगतील, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. किसनराव विजूकडे बघत होते. तो रविवार होता, आणि चहाचा कप तिनंच त्यांच्या हातात दिला होता.

“आजोबा?” समाधान म्हणाला.

“नव्हती,” किसनराव म्हणाले.